तुम्ही खुर्ची सोडली नाहीत

बाबा,

गेल्या वसंतात इथे हॅनोव्हरमध्ये मी एका माणसाला खुर्चीवरून उठून जाताना पाहिलं, आणि तेव्हापासून मला तुमचा पुन्हा राग येतोय. तुम्ही गेलात तेव्हाच तो संपला, असं मी धरून चालले होते. तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणत होता, असा सरळ अधिकारी कामगार खात्यात पुन्हा होणार नाही. आई नुसती मान डोलवत होती. मी चहाचे कप गोळा करत होते आणि मनात म्हणत होते, यांना मामाबद्दल कुणी सांगितलेलं दिसत नाही.

मी चौथीत होते. सातपूरला पंपांच्या कारखान्यात संप चालू होता आणि तो मिटवायचं काम सरकारने तुमच्याकडे दिलं होतं. मामा त्याच कारखान्यात टर्नर. सुरुवातीलाच तुम्ही आईला सांगून टाकलंत, प्रकरण मिटेपर्यंत तुझा भाऊ या घरात येणार नाही. कारखान्याचा मॅनेजर आंब्यांची पेटी घेऊन आला, तर त्यालाही तुम्ही फाटकातूनच परत पाठवलंत. हे सरळच होतं, मी नाकारत नाही. मग मी शाळेच्या जिन्यावरून पडले. तुम्ही बैठकीत होतात, आईला एकटीला काही सुचेना, तिने शेजाऱ्यांकरवी मामाला निरोप धाडला. त्याने मला उचलून रिक्षात घातलं. हाताला प्लास्टर घालेपर्यंत आणि नंतरही तो माझ्या उशाशी बसून होता. संध्याकाळी तुम्ही दवाखान्यात आलात तेव्हा तो झटकन उभा राहिला. "दाजी, हाड नीट बसलंय म्हणाले डॉक्टर." तुम्ही नुसती मान हलवलीत. त्याच दुपारी कारखान्याच्या गेटवर मॅनेजरच्या गाडीवर दगड पडले होते, आणि दगड मारणाऱ्यांत कंपनीने मामाचंही नाव घातलं.

ते आमच्या कानावर आलं त्या दिवशीचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. आई तव्यापाशी, तुम्ही पाटावर, माझा हात गळ्यात अडकवलेला. मी म्हणते, "पण मामा तर माझ्याजवळ होता." तुम्ही म्हणता, "जेवताना ऑफिसचं बोलायचं नाही." आई पोळी लाटायची थांबते. "अहो, तुम्ही स्वतः पाहिलंत त्याला." तुम्ही आवाज चढवत नाही, तुम्ही कधीच चढवला नाहीत. "मी तिथे हिचा बाप म्हणून आलो होतो. मी साक्ष द्यायला लागलो तर मध्यस्थ राहत नाही. मग बोलणी मोडतील आणि सगळेच घरी बसतील." आणि तुम्ही भाजी मागितलीत. त्या दुपारी आपण तुमच्या मुलीपाशी दवाखान्यात होतो, हे मामानेही युनियनला सांगितलं नाही. दाजी अडचणीत येतील, म्हणाला.

संप मिटला. दगडफेकीचा आरोप असलेले सोडून बाकी सगळे कामावर परत, अशी तडजोड झाली. कामगारांनी तुम्हाला हार घातला. आईने तो घरात टांगू दिला नाही. मामाला त्यानंतर वसाहतीतल्या एकाही कारखान्याने दारात उभं केलं नाही. लेथ चालवणारा माणूस मंगल कार्यालयात भांडी मोजून द्यायच्या कामाला लागला. त्याच्या तोंडून तुमच्याविरुद्ध एक शब्द मी ऐकला नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास होतो.

आता इथलं सांगते. आमच्या कंपनीने टेस्टिंगचा विभाग बंद करायचं ठरवलं. मी बेट्रीब्सराटमध्ये आहे, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेल्या समितीत. बोलणी अडली म्हणून दोन्ही बाजूंनी मिळून एक मध्यस्थ नेमला, निवृत्त न्यायाधीश. तुमच्यासारखाच, हळू बोलणारा, समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणारा. पहिल्याच सकाळी त्याने कंपनीच्या वकिलाकडून कबूल करून घेतलं की माणसं काढण्याऐवजी त्यांना नवं काम शिकवता येईल. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. जेवणानंतर कंपनीने सांगितलं की गोदामही बंद होणार, आणि बोलता बोलता तिथल्या प्रमुखाचं नाव घेतलं. न्यायाधीशाने पेन खाली ठेवलं. "हा तर माझ्या बायकोचा भाऊ. मला इथे बसता येणार नाही." फाइल उचलली, सगळ्यांशी हस्तांदोलन केलं आणि निघाला. बाबा, इतकं सोपं होतं ते.

मी रविवारी आईला फोन केला. "बाबांना ते प्रकरण दुसऱ्याकडे देता आलं नसतं का गं?"  ती म्हणाली, "यांचे वरचे साहेब तयार होते की. यांनीच नको म्हटलं. दुसरा अधिकारी मालकांच्या खिशातला आहे म्हणायचे. हा संप माझ्याशिवाय कुणाला मिटवता येणार नाही, म्हणायचे."

"तू मला कधी बोलली नाहीस."

"काय बोलू? तुझे वडील होते."

म्हणजे तुमच्यापुढे वाट होती. इतकी वर्षं मी समजत होते की नियमाने तुमचे हात बांधले होते. हात तुमचे तुम्हीच बांधलेत, आणि किंमत मामाने मोजली. तुम्ही म्हणाल, शेकडो घरांच्या चुली पेटल्या. पेटल्या असतील. त्यातल्या एकाही घरातून मामाला कुणी बघायला आलं नाही.

पण माझं इथेही समाधान झालं नाही. नवा मध्यस्थ आला, तो घाईतला. नवं काम शिकवायची गोष्ट त्याने पुन्हा टेबलावर येऊच दिली नाही, आणि गेल्या आठवड्यात टेस्टिंगमधल्या माझ्या सगळ्या माणसांना नोटिसा मिळाल्या. पहिला न्यायाधीश स्वच्छ हातांनी घरी बसला आहे.

हे मी कुणाला वाचून दाखवणार नाही. आईला नाही, आणि मामाला तर नाहीच, तो पुन्हा तुमचीच बाजू घेईल. तुम्हाला मात्र एक सांगते. न्यायाधीश उठला तेव्हा खोलीतले सगळे त्याच्याकडे आदराने बघत होते. मी मनात म्हणत होते, अरे, बस ना खाली, बोललाच नसतास तर कुणाला कळलं असतं.