सासूबाईंचा आवाज आणि चार कपॅसिटर

३ मार्च, सोमवार
सासरे आमच्याकडे राहायला आले, तेव्हा त्यांचा रेकॉर्ड प्लेअर आणि साठ वर्षांचा, काचेच्या व्हॉल्व्हचा प्रीअँप, म्हणजे प्लेअरचा बारीक आवाज मोठा करणारी पेटी, मीच जोडला. तेव्हापासून नुसती घूं. त्या घूंखाली सासूबाई गातात. त्या आता नाहीत. त्यांची ही एकच रेकॉर्ड, जगात एकच प्रत. सासरे दर रविवारी ऐकतात. काल अर्ध्यातून उठून गेले.
बायको म्हणाली, मेकॅनिकला बोलावू. मी म्हणालो, घरात माणूस असताना? रविवारपर्यंत दुरुस्त. लिहून ठेवतो.

५ मार्च, सकाळी ७
प्रीअँपच्या पॉवर सप्लायचे कपॅसिटर बदलले. घूं आहे. पण जरा सुसंस्कृत वाटते.

६ मार्च
प्लग काढलेला असूनही शॉक बसला. कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते हे मला माहीत होतंच. फक्त हाताला माहीत नव्हतं. बायकोला सांगितलं, कोपर कपाटावर आपटलं. कपाट दुसऱ्या खोलीत आहे.

८ मार्च, शनिवार
व्हॉल्व्ह नवे. घूं जुनीच. म्हणजे दोष मुळात डिझाइनमध्ये, हे आज लक्षात आलं. प्रीअँपच्या फोनो स्टेजमधले, म्हणजे जिथे प्लेअरची तार येते तिथले, चार कपॅसिटर रेकॉर्डचा आवाज मूळ वळणावर आणतात. त्यांची व्हॅल्यू बनवणाऱ्यानेच चुकीची धरली असावी. मी नवीन काढली, नवे बसवले, जुने कचऱ्यात. आता माघार नाही.
सासरे दाराशी येऊन विचारून गेले, उद्या होईल ना? मी म्हणालो, झालंच समजा.

९ मार्च, रविवार, सकाळी ११
सासरे इस्त्रीचा शर्ट घालून बसले. सुरू केलं. घूं.
सासरे उठले, प्लेअरच्या मागे वाकले आणि एक बारीक काळी तार वर धरली. अर्थिंगची तार, म्हणाले, ही प्रीअँपला लावायची असते. जोडणी करताना ती उरली होती. मी नीट गुंडाळून मागे खोचली होती. त्यांनी ती स्क्रूखाली दाबली. घूं गेली.
मग सासूबाई गायला लागल्या. पातळ, चिरका आवाज, कोणीतरी परकी बाई. सासरे शेवटपर्यंत ऐकत राहिले.
"घूं होती जावईबापू, पण तिच्याखाली ती होती," ते म्हणाले. "ही कोण?"
फार लाज वाटली.

दुपारी ४
कचऱ्याचा डबा उपडा केला. रिकामा. बायकोने मसाल्याच्या मागून एक बरणी काढली. आत जुने चार कपॅसिटर. कालच उचलून ठेवले होते म्हणे. झाकणावर मेकॅनिकचा नंबर, तोही सोमवारीच लिहून ठेवलेला.
तो उद्या येतोय. मी फक्त बॅटरी धरायची. सासरे शेजारी खुर्ची टाकून बसणार आहेत, माझ्यावर लक्ष ठेवायला. सोल्डरिंग आयर्न बायकोच्या कपाटात कुलूपबंद आहे. चावी मागितली नाही.