दोन पंचपात्रे

श्रीनर्मदामाईच्या कृपेने शब्द सुचोत, आणि सुचलेले शब्द खरे असोत.

जबलपूर

प्रिय विनता,

निवृत्तीनंतर खमरियाच्या कारखान्याचे क्वार्टर सोडून जबलपुरातल्याच गोरखपूर मोहल्ल्यात आलो, तेव्हा घर पाहताना एकच अट घातली होती: अंगणात पपईला जागा हवी.

तुला आठवत असेल. बारावीची रसायनाची परीक्षा तोंडावर असताना तू माझी पूजेची दोन पंचपात्रे उचलून ओट्यावर मांडलीस. भरलेले तुझ्यापुढे, रिकामे माझ्यापुढे. पपईचे पोकळ देठ तोडलेस. जाड तुला, बारीक मला. देठ तळाला टेकवायचा, वरून अंगठा दाबायचा, आत येईल तेवढे पाणी दुसऱ्याच्या पात्रात सोडायचे, दोघांनी एकदमच, पुन्हा पुन्हा. देवाची भांडी विटाळलीस म्हणून रागावलो, तरी बसलो. प्रथम तुझे पाणी झरझर उतरले, माझे चढले. मग दोन्ही पातळ्या जागच्या जागी राहिल्या. समत्व आले, असे समाधानाने म्हणून मी हात आवरला. तू खळखळून हसलीस. "काहून थांबले, बाबा? जेवढं मी देऊन राहिली तेवढंच तुम्ही देऊन राहिले, म्हणून दिसत नाही. चलो, हात चालवा!"

देण्याचे वेग सारखे होते. पाणी मात्र सारखे नव्हते. तुझ्या पात्रात थोडे, माझ्यात पुष्कळ. ज्याचा देठ जाड, त्याच्यापाशी कमी उरते, असे तू समजावलेस. मी ते रसायनापुरतेच ऐकले.

पुढे तू स्वतःच्या मनाने गौरांगशी लग्न केलेस, आणि या उंबऱ्याशी तुझा संबंध संपला, असे मी बोलून गेलो. त्याला नऊ वर्षे झाली. आप्त म्हणतात, आता सारे शांत झाले. त्यांना काय ठाऊक! दर एकादशीला तुला पत्र लिहितो आणि द्वादशीला पारण्याआधी फाडतो. जेवढी लिहिली तेवढीच फाडली, म्हणून पत्रांची पेटी रिकामी दिसते.

काल शेजारच्या सुखदाने मोबाइलवर तुझा रसायनाचा पाठ दाखविला. तसेच दोन पेले, तसेच देठ. परंतु दोन्ही देठ तुझ्याच हातांत होते. समोर कोणी बसले नव्हते. ते मला पाहवले नाही. म्हणून हे पत्र द्वादशीची वाट न पाहता आजच टपालात टाकीत आहे. गौरांगरावांना घेऊन ये. पंचपात्रे घासून ठेवली आहेत. या वेळी जाड देठ मी घेईन.

तुझाच,
बाबा

हे अक्षर ज्याच्या ज्याच्या दृष्टीस पडेल, त्याच्या समोरची जागा कधी रिकामी न राहो.