खड्डा दाखवायचा हात

४ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि. नमस्कार रिवाजापुरता आहे, मनापासूनचा समजू नकोस.

मी सायकल विकते आहे. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला मुलीसाठी हवी आहे, तो पुढच्या रविवारी येऊन घेऊन जाईल. तुला दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस, म्हणून मीच कळवते.

कारण विचारशील. खांद्याचं हाड कधीच जुळलं, डॉक्टर म्हणाले खुशाल चालवा. पण इच्छाच मेली आहे. सकाळी जाग येते, पॅसेजमध्ये ती उभी दिसते आणि वाटतं, कुणीतरी परकं माणूस आपलं सामान ठेवून गेलंय. मी कूस बदलून झोपते. इतक्या वर्षांचा नाद असा जातो हे मला माहीत नव्हतं. वाईटही वाटत नाही, ह्याचंच वाईट वाटतं.

आणि हा नाद कुणामुळे गेला तेही लिहिते. लहानपणापासून आपला एकच नियम. पुढे तू, मागे मी. खड्डा आला की तू उजवा हात खाली करायचास. खड्डा कुठल्याही बाजूला असो, हात उजवाच, कारण माझ्या डाव्या डोळ्याला काडीचं दिसत नाही. त्या नियमावर विसंबून मी जन्मभर तुझी पाठ बघत सायकल चालवली. पाण्याच्या टाकीच्या उतारावर तू हात केला नाहीस आणि मी तोंडावर आपटले. दवाखान्यात आलीस ती एकदाच, तीही दारात उभी राहून माझ्या चुका सांगायला.

लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे. असो.

ठकू

९ नोव्हेंबर

चि. ठकूस,
अ. उ. आ. अक्षर ह्यांचं आहे, शब्द माझे. तुझ्यासाठी मी स्वतःचे हात झिजवावेत एवढी तुझी पुण्याई नाही.

नाचता येईना अंगण वाकडं. मी हात केला होता. खड्डा डावीकडे होता, डावा हात केला. सारं जग तसंच दाखवतं. तू मागे झोपा काढत होतीस. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतेस आणि स्वतःला समोरचा धडधडीत हात दिसत नाही.

तू आहेसच आरंभशूर. गाणं सोडलंस, पोहणं सोडलंस, विणायला घेतलेला स्वेटर अजून माझ्या कपाटात पडलाय, त्याला एकच बाही आहे. एक सायकल तेवढी टिकली, तीही मी सीट धरून मागे धावले म्हणून. घाल आता तीही बेकरीवाल्याच्या घशात आणि बस पाव खात.

माझी काळजी करू नकोस. करत नाहीसच म्हणा. पार्लरमध्ये कात्री आता कामावरच्या दोघी मुली चालवतात, मी गल्ल्यावर बसून हुकूम सोडते. मजेत आहे.

लोभाचं तू आधी सुरू कर, मग मी बघेन.

ताई

(सांगितलं तसं लिहिलं. दोन शब्द गाळलेत, कुठले ते तुला कळेल. — भाऊजी)

१७ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. पत्र पोचलं, आग मस्तकात गेली.

खड्डा डावीकडे होता हे तू मला शिकवतेस? मला तो मधोमध आठवत होता. तुला खोटं पाडायचं म्हणून टाकीवर गेले. तिथे बस जात नाही, म्हणून झक मारत सायकल काढली. चाकांत हवा भरताना हात काळे झाले, तेव्हा तुला काय काय म्हणाले ते भाऊजींनी गाळलंच असतं. चढावर धाप लागली, दोनदा उतरून ढकलली. खड्डा अजून तसाच आहे आणि तो डावीकडेच आहे. एवढं एक तू खरं बोललीस.

पण मग डावा हात का केलास? आपला नियम जगासाठी नव्हता, माझ्या डोळ्यासाठी होता. झोपेतसुद्धा तू उजवाच हात केला असतास. मला ह्याचं उत्तर हवं आहे, म्हणी नकोत.

येताना एवढी चिडले होते की घराचं वळण मागे पडलं तरी पेडल मारतच राहिले. पार कालव्यापर्यंत गेले. परवा पुन्हा गेले, तुझ्याशी मनातल्या मनात भांडत. बेकरीवाल्याला जरा थांब म्हटलं आहे. तू सांगितलंस म्हणून नाही. हे भांडण मिटेपर्यंत मला सायकल लागेल.

उत्तर दिलंस तर लोभ, नाहीतर राम राम.

ठकू

२३ नोव्हेंबर

चि. ठकूस,
अ. उ. आ.

डावा काय आणि उजवा काय. चुकला असेल. तू सायकल विकून टाक, मी अडवत नाही. माझीही मागच्या खोलीत पडून आहे. त्या दिवसानंतर मी तिला हात लावलेला नाही. वय झालं की माणसाने गप्प घरात बसावं.

पुन्हा हा विषय काढू नकोस. तब्येत सांभाळ.

ताई

(ठकू, हे पत्र तिने तीनदा बदललं. मी पदरचं काही लिहायचं नाही अशी ताकीद आहे, म्हणून लिहीत नाही. इकडे सगळं ठीक. आताशा तिची वेणीही मीच घालतो, आणि वाईट घालतो. — भाऊजी)

२७ नोव्हेंबर

ती. ताईस,
आज सा. न. नाही. रागावले आहे.

गावभरच्या बायकांचे केस सारखे करणारी तू, आणि तुझी वेणी भाऊजी घालतात. मला एका डोळ्याने दिसत नाही, अक्कल दोन्ही बाजूंनी आहे. कात्री मुलींच्या हातात, पत्र भाऊजींच्या अक्षरात, दवाखान्यात पिशवी डाव्या खांद्यावर आणि उजवा हात सारा वेळ पदराखाली. तुझ्या उजव्या हाताची मूठ वळत नाही. किती दिवस झाले, आणि कुणाला दाखवलंस का, ते भाऊजींना सविस्तर लिहू दे.

रात्रंदिवस तो उतार डोळ्यांपुढे येतोय. उजवा हात हँडलवरून काढला असतास तर तो परत हँडल धरू शकला नसता. म्हणून डावा काढलास. म्हणजे ब्रेक दाबायला हातच उरला नाही. त्या उतारावर ब्रेक सोडून तू मला खड्डा दाखवत होतीस, आणि मी तुला वाटेल ते बोलले. पण मला सांगितलं का नाहीस? मी तुझी सायकल बंद करीन म्हणून? केलीच असती, चार दिवस. पाचव्या दिवशी मी पुढे झाले असते. एवढं तुला सुचलं नाही, आणि म्हणे मी आंधळी.

आता नीट ऐक. सायकलवाला म्हणतो, दोन्ही ब्रेक एकाच डाव्या मुठीला जोडता येतात. रविवारी तुझी सायकल त्याच्याकडे टाकू. मग कालव्याचा सपाट रस्ता. पुढे मी, मागे तू. जन्मात कधी पुढे गेलेली नाही, म्हणून काल तू मागे आहेस असं समजून चालवून पाहिली. रस्ता एवढा रुंद असतो हे मला तुझ्या पाठीमुळे कधी दिसलंच नव्हतं. डावीकडचं मला दिसणार नाही, ते तू मागून ओरडून सांगायचंस. ओरडणं तुला जमतं.

बेकरीवाल्याला नाही म्हणून सांगितलं. त्याने तोंड वाकडं केलं आणि मला शिळा पाव दिला.

लोभ आहेच, मेले. तो कुठे जातोय.

ठकू

१ डिसेंबर

चि. ठकूस,
अ. उ. आ.

हे डाव्या हाताचं अक्षर आहे. हसलीस तर याद राख.

डॉक्टरांकडे जाऊन आले. मनगटाची शीर दबली आहे, लहानसं ऑपरेशन करू म्हणतात. मूठ पूर्वीसारखी होईल असं वचन मात्र देत नाहीत. कात्री सुटेल ह्याचं मला एवढं वाटलं नव्हतं. तू सायकल सोडलीस, त्याचं वाईट वाटलं. मी एकटी जाऊ शकत नाही, आणि ते तुला सांगायची लाज वाटली.

रविवारी लवकर ये. आधी माझी वेणी घाल, ह्या अवतारात मी रस्त्यावर येणार नाही.

पुढे राहा, पण पळू नकोस, मला तुझी पाठ दिसली पाहिजे. आणि खड्डा आला की हात कर. मला दोन्ही डोळ्यांनी दिसतं, तरी उजवाच.

ताई