पाचवा पिचर

प्रिय नेरेइदा, तुला आणि घरच्या सगळ्यांना दादाचे आशीर्वाद.

आम्ही दोघे बरे आहोत. तुझा विल्फ्रिन पोटभर जेवतो. बेसबॉल टीममधलं माझं मालिशचं कामही चालू आहे. तुझा गुडघा आता कसा आहे?

काल कोचने पुढच्या हंगामासाठी चेंडू फेकून सामना सुरू करणारे पाच पिचर ठरवले. टेबलावर तो डोमिनोचे ठोकळे मांडतो, एका पिचरला एक. चार मांडून झाले. पाचवा हातात धरून मला म्हणाला, "मामा, तू रोज चोळतोस. भाच्याचं उजवं कोपर कसं आहे?"

मी म्हटलं, "सूज उतरतेय."

"मागच्या हंगामापासून उतरतेच आहे. आता काय समुद्रात उतरणार?"

सगळे हसले. विल्फ्रिनही हसला. तो ठोकळा कोचने एका नव्या डावखुऱ्या पोराच्या नावाने मांडला.

डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला सांगितलंय. कधीपर्यंत विचारलं, की ते खिडकीबाहेर बघतात. तू काळजी करू नकोस.

ईस्टरला तो घरी येईल. दर ईस्टरला करतेस ती राजम्याची खीर कर. हाताचं काही विचारू नकोस. चमचा वाटीच्या डाव्या बाजूला ठेव, आणि तो खाताना त्याच्याकडे बघत बसू नकोस.

तुम्हा सर्वांची आठवण काढणारा,
तुझा दादा एलाडिओ