मोज्याबाहेरचं बोट

ओहायो, २ जून १९८८

ती. निडियाताईस,
सा. न. वि. वि.

इथे सर्व कुशल, एवढंच आईला वाचून दाखव. पुढचं तुझ्यापुरतं.

लागोपाठ तीन सामन्यांत फलंदाजांनी मला धू धू धुतलं. हात ठणठणीत आहे, वेगही तोच आहे. पण संथ चेंडू टाकला, की मेले आधीपासून वाट बघत असल्यासारखे उभे असतात! मॅनेजरांनी बाकावर बसवलंय. म्हणाले, फाउस्तो, एकोणीस तारखेला एक संधी, नाहीतर घरी, बानीचं तिकीट. सात वर्षं बेसबॉलमध्ये पिचर म्हणून चेंडू टाकून घाम गाळला, तो काय परत कांद्याच्या वाफ्यात वाकायला? ताई, मला भीती वाटते गं.

आईला मेणबत्ती लावायला सांग, कारण सांगू नकोस.

आशीर्वाद मागणारा,
फाउस्तो

बानी, १४ जून १९८८

चि. फाउस्तो यास निडियाचे अनेक आशीर्वाद. देव तुझं भलं करो.

पत्र आजच मिळालं. तुझा तिसरा सामना आम्ही बिएनवे मामांच्या दुकानातल्या टीव्हीवर पाहिला. सगळी गल्ली जमली होती. मामा म्हणाले, पोराला नजर लागली. मला मात्र खरं कारण दिसत होतं.

अरे गाढवा, तुझ्या हातमोज्याबाहेर जे बोट असतं ना, ते संथ चेंडूच्या आधी ताठ होतं. एरवी पडून असतं. मला हे तू अकरा वर्षांचा असल्यापासून ठाऊक आहे. नदीच्या कोरड्या पात्रात तुझे चेंडू झेलायला मी कॅचर व्हायचे, एक चेंडू सुटायचा नाही. मामा म्हणायचे, काय हात आहेत पोरीचे! त्या कौतुकापायी मी तोंड उघडलं नाही. तुला सांगितलं असतं तर तू बोट लपवलं असतंस, आणि माझं कौतुक संपलं असतं. नंतर वाटलं, तिकडचे मोठे लोक तुझी ही खोड सुधारतील.

फोनवर हे बोलायची हिंमत नाही. फेलिसियाकाकूंचा जावई उद्या न्यूयॉर्कला निघालाय, त्याच्या हाती देते. तो उतरल्या उतरल्या टपालात टाकेल. मला हव्या तेवढ्या शिव्या दे, पण आधी ते बोट झाक.

माया पातळ करू नकोस.
तुझी,
निडिया

ओहायो, २० जून १९८८

ती. ताईस,
शि. सा. न.

पत्र शनिवारी पोचलं. आमच्या म्हाताऱ्या कॅचरला सांगितलं. त्याने मला दहा चेंडू टाकायला लावले, कपाळावर हात मारला आणि माझ्या मोज्यावर चामड्याची पट्टी शिवून दिली. काल आठ डाव टाकले, एकच धाव दिली. मॅनेजर म्हणाले, सामान सोड. ताई, मी राहिलो!

आणि शिव्या कसल्या देऊ? आठवतं, निवड करणारा साहेब आला तेव्हा त्याच्या कॅचरच्या हातून माझे चार चेंडू निसटले. साहेब म्हणाला, पोराचा नेम नाही. मी रडकुंडीला आलो. तेव्हा तू धुण्याचे ओले हात स्कर्टला पुसत पुढे झालीस, म्हणालीस, द्या इकडे, मी झेलते. आणि वीसच्या वीस झेललेस. त्याने कराराचा कागद माझ्यापुढे सरकवला तो त्यानंतर. त्या दिवशी तुला माझं बोट वाचता येत नसतं, तर माझी सही कोणी घेतली असती?

तुझ्या उपकारात सुखाने बुडालेला,
फाउस्तो