पुढची खोली आणि अब्राहामाची श्रीमंती

सोमवार, ४ मार्च
चर्चच्या पाळकांनी रविवारच्या उपासनेत 'धन' या विषयावर बोलायला सांगितलं. मलाच का? पुढच्या खोलीत नवी दुचाकी गाडी ठेवल्यापासून लोक उगाच हसतात. बायको म्हणते, चोराच्या मनात चांदणं. मी काही चोरलेलं नाही. वडील गेल्यावर घराची वाटणी रीतसर झाली. मोठा म्हणून आधी मी निवडलं, एवढंच. धाकट्या बहिणीला मागची खोली आली. शिवणकामाला शांतता लागतेच.

मंगळवार, ५ मार्च
धाकटी येऊन गेली. मागे उजेड नाही, सुई ओवता येत नाही, गिऱ्हाइकं तुटताहेत. दिवसा पुढे मशीन मांडू का, विचारत होती. बघतो म्हणालो. जेवण गेलं नाही. अपचन असावं.

बुधवार
पवित्र शास्त्र उघडलं. पहिल्याच फटक्याला सुईच्या नाकातला उंट: तो जाईल, पण श्रीमंत स्वर्गात जाणं कठीण. पान उलटलं. श्रीमंताच्या दारातला भिकारी लाजर, तो स्वर्गात नि श्रीमंत नरकात. कमाल आहे! पण ईयोबाला शेवटी सगळं दुप्पट मिळालंच की. शलमोनाला तर न मागता. म्हणजे दोन्ही बाजूंना पॉइंट आहेत. मी एक धरली तर बिघडलं कुठे?

गुरुवार
सापडला! अब्राहाम. गुरंढोरं, सोनं, चांदी, वर देवाचा लाडका. एक वचन पुरे. पुढचं वाचत बसलो नाही.
संकल्प: आवाज खणखणीत ठेवणे. धाकटीकडे न बघणे.

रविवार, दुपार
हात दाखवून अवलक्षण. आमच्याकडे वचन कुठलंही निवडा, आधी अख्खा अध्याय वाचतात. हे मी विसरलोच. वाचायची पाळी धाकटीची. पुस्तक डोळ्यांशी धरून वाचत गेली. अब्राहामाच्या नि पुतण्याच्या गुराख्यांची भांडणं, जागा पुरेना. तेव्हा त्या श्रीमंत म्हाताऱ्याने पुतण्याला सांगितलं, आधी तू निवड, उरेल ते मी घेतो. धाकटी न थांबता पुढे वाचत राहिली. मला भाषणातलं एकही वाक्य आठवेना. लाज वाटली. अगदी मनापासून वाटली. बाहेर आल्यावर तिला सांगून टाकलं, पुढची खोली तुझी. तिचे डोळे भरले. "दादा, खरंच?" म्हणाली.

सोमवार, ११ मार्च
धाकटी सकाळीच मशीन पुसून तयार. हातशिलाईची सुई पुढे करून म्हणाली, "गाडी काढेपर्यंत एवढी ओवून दे." मागच्या खोलीत मलाही जमेना. पुढे आलो, गाडीला टेकून उन्हात धरली, पहिल्या झटक्यात दोरा आत. मग डझनभर सुया एकदमच ओवून तिला नेऊन दिल्या. आठवडा सहज निघेल.
खोली उद्या नक्की. आज गाडीला पॉलिश केलंय, बाहेर धूळ फार.
जेवण आजही गेलं नाही.