देवाला दिलेला चेहरा

दि. ४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, ताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र नाही, म्हणून मीच लिहायला बसले. आईची तब्येत उतरणीला लागली आहे. डोळ्यांना आता नुसता उजेड कळतो. तरी रोज सकाळी माझा हात धरून गल्लीच्या टोकाच्या प्रार्थनाघरात जाते आणि देवाच्या तोंडावरून बोटं फिरवते. लोकांना वाटतं, काय ही भक्ती! खरं काय ते आपल्या घराला माहीत. बाबांनी त्या मूर्तीसाठी तुझ्याच तोंडावर प्लास्टर ओतलं होतं. नाकात नळ्या घालून तू बाकावर आडवा आणि मी तुझ्या तळपायाला गुदगुल्या करतेय. तू हसलास, ओठाचा डावा कोपरा वर गेला आणि बाबांनी साचा तसाच ठेवला. आजही नवखी माणसं देवाच्या त्या हसण्याचं कौतुक करतात.

बाबांच्या मागे कारखाना ठीक चाललाय. दुकानांच्या काचेत उभे करायच्या पुतळ्यांना मागणी आहे, हात मात्र माझे भरून येतात. तू एकदा येऊन जा. नवा धर्म घेतलास म्हणून आई काही परकी झाली नाही.

लोभ उरला असेल तेवढा घेऊन ये.

तुझी ताई

दि. १९ फेब्रुवारी

ती. ताईस, वि. वि.

साष्टांग नमस्कार लिहिला नाही, रागावू नकोस. आता तो फक्त एकालाच घालतो.

मला यावंसं वाटत नाही असं नाही. पण त्या गल्लीत पाऊल कसं टाकू? देव जन्मत नाही, त्याला भूक लागत नाही, तो मरत नाही. ज्याला आदि नाही नि अंत नाही, तो माणसाच्या कातडीत मावेलच कसा? आणि तिथे तर लोक माझ्या तोंडापुढे हात जोडतात. उद्या वर गेल्यावर मला विचारलं जाईल, लोकांना तुझ्यापुढे वाकू कसं दिलंस म्हणून. या विचाराने माझी झोप उडते. तू म्हणायचीस, पोर रडलं की आई जमिनीवर बसते, तसा देव खाली येतो. अगं, आई खाली बसली तरी आईच राहते, तिचं काही पोर होत नाही.

तो चेहरा फोड. रंगकामासाठी किल्ली तुझ्याकडेच असते. तू तो फोडलास की पुढच्याच गाडीने येतो. शब्द देतो.

आईला सांभाळ. लोभ कमी झालेला नाही, एवढं मान.

धाकटा

दि. २ मार्च

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

तुझ्या पत्राने अंगाचा नुसता तिळपापड झाला. देवाने काय करावं नि काय करू नये, हे ठरवणारा तू कोण रे? जो वाटेल ते करू शकतो, त्याला नेमकं माणूस होणंच जमत नाही, होय? पण आईकडे पाहिलं आणि भांडण गिळलं.

काल रंगाच्या निमित्ताने प्रार्थनाघराचं दार लावून घेतलं आणि बाबांच्याच हातोडीने तुझं तोंड फोडलं. हसरा कोपरा आधी निखळला. त्या जागी दुकानातल्या पुतळ्याचा चेहरा बसवून रंगवला. संध्याकाळी सगळ्यांनी हात जोडले, कुणाला पत्ता नाही. आज सकाळी आईने बोट लावलं आणि हात मागे घेतला. हा कोण, असं विचारलं. मी सांगितलं, आता त्या चेहऱ्याची गरज नाही, तुझा लेक स्वतःच येतोय. तेव्हापासून दारात खुर्ची टाकून बसली आहे. जेवायलासुद्धा आत आली नाही.

लगेच नीघ. लोभाचं काय ते भेटीत बोलू.

ताई

दि. ११ मार्च

ती. ताईस, वि. वि.

तू केलंस त्याने माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. तिकीट काढलं होतं, पण आमच्या सभेच्या नव्या दालनाचं उद्घाटन आलंय आणि धर्मग्रंथाचं पहिलं वाचन माझ्याकडे दिलंय. वडीलधाऱ्यांचा शब्द मोडवत नाही. एवढं उरकलं की निघालोच समज. आई इतकी थांबली आहे, आणखी थोडं थांबेल. तिला सांग, येतोय.

लोभ तोवर सांभाळून ठेव.

धाकटा

दि. २० मार्च

धाकट्यास,

आई गेली.

तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा ती खुर्चीतच होती. नुसतं बरं म्हणाली. मग प्रार्थनाघरात ने म्हणाली, आणि उंबऱ्यापाशी जाऊन परत फिरली. तिथे तरी आता कोण आहे, असं पुटपुटली. त्यानंतर अंथरूण धरलं ते धरलंच. शेवटी तिची बोटं हवेत काहीतरी चाचपत होती. मी माझं तोंड पुढे केलं. तिने ओठाचा कोपरा चाचपला आणि हात खाली ठेवला.

तुझा साचा माळ्यावर होता, तोही काल फोडला. तुझं वाचन छान झालं असेल. आता येऊ नकोस.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही. एवढंच विचारते. देवाला माणूस होऊन येता येत नाही, म्हणतोस. नसेल येत. तू तर माणूसच होतास. तुला यायला काय झालं होतं?

ताई